नंबर नसताना बसलेली मुलगी

मी मार्केट यार्डातल्या वजनकाट्यावर काम करतो. कांद्याची गाडी भरून येते, काट्यावर चढते, आकडा दिसतो. माल उतरवून तीच गाडी रिकामी परत येते, पुन्हा आकडा दिसतो. दोन्हींतला फरक म्हणजे माल. काम इतकंच आहे, पण त्यामुळे हाताला एक सवय लागली आहे. काहीही उचललं की त्याचं वजन आपोआप लक्षात राहतं. भाजीची पिशवी असो, गॅसची टाकी असो.

म्हणून मुलीच्या डब्याची गोष्ट डोक्याच्या आधी माझ्या हाताला कळली. ती तेव्हा नववीत होती. सकाळी तिचा डबा मीच स्कूटरच्या हुकाला अडकवायचो आणि संध्याकाळी मीच तो मोरीत नेऊन ठेवायचो. एका संध्याकाळी तो उचलला आणि थांबलो. सकाळी जेवढा जड होता, तेवढाच जड होता. उघडून बघितला. दोन भाकऱ्या, मेथीची भाजी, कोपऱ्यात शेंगाची चटणी. भाकरीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"जेवली नाहीस?"

"भूक नव्हती."

दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या पुढच्या दिवशी डबा हलका आला म्हणून बरं वाटलं, तर बायको म्हणाली, "अहो, कोपऱ्यावरच्या कुत्र्यापुढं भाकरी पडलीय. आपलीच हाय. मी माझी भाकरी वळखत न्हाय व्हय?"

आम्ही त्याच जूनमध्ये मंगळवेढ्याजवळच्या गावातून सोलापुरात राहायला आलो होतो. मी आधीपासून इथे कामाला होतो आणि आठवड्याला एस.टी.ने घरी जात होतो. मुलीची दहावी जवळ आली, तर चांगल्या शाळेत घालू, असं ठरवून सगळं घरच इकडे आणलं. गावात ही मुलगी दिवसभर बडबडायची. आजूबाजूचे तिला विचारायचे, "आज बातम्या काय?" आणि ती खरंच सांगायची.

सोलापुरात आल्यावर महिनाभरात तिचं बोलणं बदललं. 'कुटं'चं 'कुठे' झालं, 'न्हाय'चं 'नाही' झालं. "आई, माझी ओढणी कुठे आहे?" असं ती एकदा म्हणाली, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. शाळा चांगली आहे, पोरगी सुधारतेय, असं आम्हाला वाटलं. मग ते शुद्ध बोलणंही कमी होत गेलं. हो, नाही, ठेवलंय, माहीत नाही. एवढंच उरलं.

आणि सकाळी पोट दुखायला लागलं. रविवारी दुखत नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दुखत नव्हतं. शाळेच्या दिवशी मात्र आंघोळ झाली की ती पोट धरून बसायची. ती नाटक करत नव्हती. कपाळावर घाम यायचा, हात गार पडायचे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर डॉक्टर बसतात. त्यांनी सगळं तपासलं, सोनोग्राफी करून घेतली, रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि मुलीला बाहेर बसायला सांगितलं.

"पोट चांगलं आहे," ते आम्हाला म्हणाले. "शाळेत काय चाललंय?"

"चांगली शाळा हाय, डॉक्टरसाहेब," बायको म्हणाली. "मार्क पण चांगले हायेत."

"मार्कांचं नाही विचारत. जेवायच्या सुट्टीत ती कुणाबरोबर बसते?"

आम्हा दोघांनाही उत्तर माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "घरी गेल्यावर विचारा. एकदाच विचारा. ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका, आणि सांगून झाल्यावर लगेच उपाय सांगू नका. एवढं तुम्हाला जमलं नाही आणि दुखणं वाढलं, तर मी मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी देईन. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. दात दुखला तर दाताच्या डॉक्टरकडे जातोच की आपण."

विचारलं. दोन दिवसांनी तिने सांगितलं, तेही भांडी पुसता पुसता, आमच्याकडे पाठ करून. कारण अगदी लहान होतं. पहिल्या आठवड्यात मॅडमनी विचारलं, भूमितीचं पुस्तक कुणी आणलं नाही? ही उभी राहून म्हणाली, "मी न्हाय आणलं." वर्ग हसला. एक उंच मुलगी होती, वर्गाची मॉनिटर आणि खो-खोच्या संघाची कॅप्टन. तिने मधल्या सुट्टीत तसंच म्हणून दाखवलं. मग रोज कुणीतरी म्हणून दाखवायला लागलं. हिने भाकरी मोडली की, "काय गं, तितं शेतात बसून खायची का?" कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त डबा खाताना मुलींचा जो गोल होतो, त्यात हिच्यासाठी जागा होईना. मग ही मधल्या सुट्टीत जिन्याखाली जाऊन बसायला लागली. डबा न उघडता.

"एवढंच?" असं माझ्या तोंडावर आलं होतं. डॉक्टरांचं आठवलं म्हणून गिळलं.

पण डॉक्टरांचं दुसरं सांगणं आम्ही पाळलं नाही. मी तिसऱ्या दिवशी शाळेत गेलो. वर्गाच्या मॅडम भल्या होत्या. त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनीच मार्ग सुचवला. रोज एका मुलीने हिच्या बाकावर बसायचं आणि हिच्याबरोबर डबा खायचा. हजेरीच्या नंबराप्रमाणे, म्हणजे कुणी सुटणार नाही. मला ती व्यवस्था फार पटली. आमच्या काट्यावरही गाड्या नंबरानेच येतात. कुणी पुढे घुसत नाही, कुणी मागे राहत नाही, तक्रारीला जागा नाही. मी समाधानाने घरी आलो आणि बायकोला म्हणालो, झालं काम.

काम असं झालं की हिच्या शेजारी बसणं ही वर्गातली एक शिक्षा होऊन बसली. सकाळी वर्गात शिरल्याबरोबर मुली एकमेकींना विचारायच्या, "आज कुणाचा नंबर गं?" सोलापुरात पाणी रोज येत नाही. आज या भागाला, मग त्या भागाला, असं ठरलेल्या दिवशी सुटतं. तर कुणीतरी म्हणालं, "आज तुझ्याकडं पाणी सुटलंय, भरून घे!" ते वाक्य सगळ्यांनी उचललं. जिचा नंबर ती बाकाच्या टोकाला बसायची, डबा भरभर संपवायची आणि हात धुवायला म्हणून जायची ती यायचीच नाही.

"अप्पा," मुलगी मला म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी ती आपल्या जुन्या बोलीत बोलली, "मी काय नळ हाय का? रोज एकीकडं सुटायला?"

त्याच आठवड्यात तिने ते मागितलं. आम्ही जेवत होतो. ती म्हणाली, "माझा दाखला काढा. मी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देते. घरी अभ्यास करीन. मला शाळा नको."

तिचा आवाज रडवेला नव्हता. तिने सगळं विचार करून ठरवलं होतं आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. या मुलीला शिकायला आवडतं. शाळा सुटली असती तर ती घरात बसून पुस्तकं वाचून पास झाली असती, याबद्दल मला शंका नव्हती. पण पंधराव्या वर्षी माणसांपासून लांब राहायला शिकलेली मुलगी पुढे कॉलेजात, नोकरीत, सासरी कुठे कुठे जिन्याखाली बसेल, हे डोळ्यांपुढे आलं.

बायको भाकरी थापत होती. ती थापता थापताच म्हणाली, "दिवाळीपतूर जा. दिवाळीनंतर तू म्हणशील तसं. दाखला म्हणलीस तर दाखला. तुझे अप्पा सही करतील. मी आडवी येणार न्हाय."

"खरं?"

"खोटं कशाला बोलू? पिठातला हात हाय माझा."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. शब्द दिला होता, तो मोडता येणार नव्हता.

ती खो-खो खेळत होती हे आम्हाला माहीत होतं. गावाकडच्या शाळेत खेळायची. इथे खेळाच्या मॅडमनी पळणं बघून संघात घेतली होती. एके दिवशी यार्डात हमालांचं काम बंद होतं, काट्यावर गाडी नव्हती, म्हणून मी तिला आणायला वेळेआधीच शाळेत पोचलो. मैदानाच्या कठड्याशी उभा राहिलो. सराव चालला होता. मुली खुंटापासून खुंटापर्यंत रांगेत बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडे, शेजारणीचं तिकडे. माझी मुलगी मधल्या चौकोनात होती. दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकलेली, मागची टाच उचललेली.

पळणारी मुलगी तिच्या अगदी पुढून निसटली. पाठलागावर उंच कॅप्टन होती. अशा वेळी जवळच्या पाठीवर हात टाकून खो द्यायचा असतो, हे खेळ न खेळणाऱ्यालाही कळतं. कॅप्टन तिच्या पाठीमागून तशीच पुढे गेली आणि तीन चौकोन सोडून चौथीला खो दिला. तोपर्यंत पळणारी लांब गेली होती. मी बघत राहिलो. प्रत्येकीने तेच केलं. माझ्या मुलीला एकदाही खो मिळाला नाही. सगळा वेळ ती तशीच बसली होती, टाच उचलून.

मी कठड्यावरून आत जायला पाय उचलला होता. मग हजेरीच्या नंबरांची ती व्यवस्था आठवली आणि पाय खाली घेतला. परत स्कूटरवर येताना फक्त एवढंच विचारलं, "खो मिळत नाही का तुला?"

"नाही."

"मग टाच उचलून कशाला बसतेस? पाय दुखतील."

मागून उत्तर आलं. "चुकून दिला कुणी, तर उठायला नको का?"

ज्या मुलीची मला काळजी वाटत होती, ती अजून टाच उचलून बसत होती. मला तो दिवस वाईट वाटायला हवा होता. पण खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

त्यानंतर जे झालं त्यात माझा, बायकोचा किंवा मॅडमचा काडीचा हात नाही. ते एका मुलीने केलं. खो-खोच्या रांगेत माझ्या मुलीच्या शेजारच्या चौकोनात बसणारी ती मुलगी. तिच्या घरी यंत्रमाग आहेत, घरात तेलुगू बोलतात. हजेरीच्या नंबराने तिचा दिवस आला, ती येऊन बसली, बाकीच्यांसारखीच बाकाच्या टोकाला बसली, गप्प डबा खाल्ला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती परत येऊन बाकापाशी उभी राहिली.

"आज तुझा नंबर नाही," माझी मुलगी म्हणाली.

"माहितंय. सरक."

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अगं ए, काल सुटलं की तुझ्याकडं पाणी!"

"कमी पडलं," ती म्हणाली. "तुला काय त्रास? तुझी टाकी भरलीय ना?"

वर्ग हसला, पण यावेळी ज्या बाजूला हसायचा त्या बाजूला हसला नाही.

घरी आल्यावर मुलीने हे सगळं उभ्या उभ्या सांगितलं, चपला न काढता. मी तिचा डबा हातात घेतला. रिकामा होता. रिकाम्या डब्याचं वजन मला पाठ आहे, मी तो उघडून बघितलाही नाही.

पुढे काही दिवसांनी त्या मुलीने तिला सांगितलं, "सहावीत मला पण असंच केलेलं. मी 'तो खुर्ची' म्हणायचे. तुझ्याकडं बघितलं की मला माझी सहावी आठवायची, म्हणून मी बघतच नव्हते." हे ऐकून बायको म्हणाली, "आण की तिला घरी." ती आली, दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि माझ्या मुलीने तिला 'न्हाय' आणि तिने माझ्या मुलीला तेलुगूतलं 'नाही', म्हणजे 'लेदु', शिकवलं. दोघी आतल्या खोलीत ते शब्द ओरडून म्हणत होत्या आणि हसत होत्या. शेवटी वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं की काय झालं.

एक मुलगी शेजारी बसल्यावर वर्ग बदलला असं मी म्हणणार नाही. टोमणे चालूच होते. पण टोमणा एकटीला लागतो तसा दोघींना लागत नाही. सकाळचं पोट दुखणं कमी होत गेलं. नंबरांची व्यवस्था कुणी बंद केली नाही, ती आपोआप विसरली गेली, कारण त्या बाकावर आता जागाच नसायची.

मैदानावर शेजारणीने पाठलागाला आल्या आल्या तिला खो दिला. खेळाच्या मॅडम फार बोलत नाहीत, त्यांची शिट्टीच बोलते. त्यांनी ते बघितलं, हिचं उठणं बघितलं आणि शिट्टी वाजवून सगळ्यांना थांबवलं. कॅप्टनला म्हणाल्या, "पळणारी हिच्या पुढून गेली तेव्हा तू खो कुठं दिलास? खो जवळच्या पाठीला. आवडत्या पाठीला नाही. कळलं? चल, पुन्हा."

दिवाळीच्या आधी शहरातल्या शाळांचे सामने होते. आमच्या शाळेला नेहमी पहिल्याच फेरीत हरवणारी एक शाळा होती आणि यंदाही तीच समोर आली. मी काट्यावरून अर्धा दिवस सुट्टी घेतली. बायकोही आली, पाण्याची बाटली आणि लिंबाच्या फोडी घेऊन. मला वाटलं होतं ती संकोचून एका बाजूला उभी राहील. पण मुलगी पळायला उतरली आणि बायकोने शेतातून हाक मारतात तशी हाक मारली. "वाक! खाली वाक! कुटं बघतीस, तितं बघ, खुंटाकडं!"

सगळं मैदान वळून बघायला लागलं. मुलीला आता मेल्याहून मेल्यासारखं होणार, असं वाटलं. मुलीने एकदा आईकडे बघितलं, वाकली आणि हात लावायला आलेल्या मुलीच्या बोटाखालून निसटली. आमच्या बाजूच्या मुलींनी आरडाओरडा केला. ती पळत राहिली, गावाकडे ज्वारीच्या धसकटांतून पळायची तशी, पाय उचलून उचलून. बाद झाली तेव्हा तिच्या जोडीच्या दोघी कधीच बाहेर बसल्या होत्या.

शेवटच्या डावात आमच्या मुली पाठलागावर होत्या. गुण बरोबरीचे. वेळ संपत आलेला. एक गडी बाद झाला की सामना आमचा. शेजारची तेलुगू मुलगी पाठलाग करत होती. पळणारी रांगेतून पलीकडे निसटली. "खो!" माझी मुलगी उठली. मी तिचं उठणं बघितलं. इतके दिवस उचलून ठेवलेली टाच एकदम सुटली. ती खुंटाकडे धावली, पळणारीने हूल दिली आणि परत रांगेतून अलीकडे घुसली, बरोबर कॅप्टनच्या चौकोनाजवळून. कॅप्टनची पाठ माझ्या मुलीपुढे आली.

त्या एका क्षणात मला काय काय आठवलं ते सांगत नाही. माझ्या मुलीला काहीच आठवलं नसावं. तिचा हात पडला, "खो!" हा आवाज इतका मोठा होता की मागच्या रस्त्यावरचा रिक्षावालाही थबकला. कॅप्टन उठली, लांब हात टाकला, पळणारीच्या खांद्याला बोटं लागली. शिट्टी वाजली.

पुढचं मला नीट दिसलं नाही. मुलींचा ढीग होता आणि त्या ढिगात माझी मुलगी कुठे आहे ते ओळखू येत नव्हतं. ओळखू येत नव्हतं, हीच माझी कमाई. बायको पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघितलं का? तिनं तिलाच दिला."

"जवळची पाठ होती," मी म्हणालो.

पुढच्या फेरीत त्या सपाटून हरल्या. मुलगी गुडघा खरचटून, धुळीने माखून घरी आली आणि हरल्याची गोष्ट आम्हाला करून दाखवता दाखवता हसून हसून खाली बसली. आमच्या बातम्या परत सुरू झाल्या होत्या.

कॅप्टनने माफी मागितली नाही. या वयात मागत नाहीत. पण सामन्यानंतर लिंबाची फोड घ्यायला ती आमच्याकडे आली तेव्हा बायकोला म्हणाली, "काकू, तुमी फुडच्या मॅचला पण या की. तुमचा आवाज लई भारी हाय." मी कान टवकारून ऐकलं. ती थट्टा करत नव्हती. तिच्या घरीही बहुतेक असंच बोलत असतील.

दिवाळीची सुट्टी संपली. शाळेचा पहिला दिवस. मी शब्द दिला होता, तेव्हा विचारणं भाग होतं. मुलगी दारात बसून बुटाची नाडी बांधत होती.

"मग? काय ठरलं?"

"कशाचं?"

"सतरा नंबरच्या फॉर्मचं. दाखल्याचं. दिवाळीनंतर तू म्हणशील तसं, असं ठरलं होतं."

तिने मान वर केली. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी एखाद्या पाहुण्याच्या लग्नाची जुनी गोष्ट काढली. मग आत तोंड करून ओरडली, "आई, चटणी जास्त दे गं! त्या सगळ्या माझीच संपवतात!" आणि मला म्हणाली, "अप्पा, गाडी काढा की. उशीर होतोय."

मी डबा स्कूटरच्या हुकाला अडकवला. नेहमीपेक्षा जड होता.